पाठीवरची माती

आमचे आबा जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच होते. आज असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या कपड्यातला, तोंडात शिट्टी धरलेला, एका मनगटाला तांबडी आणि दुसऱ्याला निळी पट्टी लावलेला माणूस येतो. आबांकडं यातलं काहीच नव्हतं. धोतर, बंडी, डोक्याला पटका आणि खांद्यावर उपरणं. त्यातलं उपरणं मात्र कामाचं. जोड ठरली, नाव पुकारलं आणि दोघं पैलवान आखाड्यात उतरले की आबा सलामीआधी एकेकाला पाठमोरं उभं करायचे आणि उपरण्यानं त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत पुसून काढायचे. मग म्हणायचे, "हं, धरा आता."

कुस्ती सरळ चितपट झाली तर प्रश्नच नसायचा, सगळं मैदान उठून उभं राहायचं. पण शंका निघाली, कुणी म्हणालं खांदा टेकला, कुणी म्हणालं टेकलाच नाही, तर आबा खाली गेलेल्या गड्याला पुन्हा पाठमोरं करायचे आणि वाकून दोन्ही पाती बघायचे. पैलवान झुंजताना एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, घामानं हात निसटू नये म्हणून. तेव्हा पाठ तर दोघांचीही मळायची. आबांचं म्हणणं एकच असायचं, "टाकलेली माती झटकली की जाती. टेकलेली जात न्हाई." ते झटकून बघायचे. माती राहिली तर निकाल, गेली तर कुस्ती पुढं चालू. आणि हरलेल्याची पाठ लोकांना दाखवून झाली की तेच उपरणं त्याच्या खांद्यावर टाकायचे.

हे मी स्वतः बघितलेलं नाही. आमच्या नांदूरघाटात त्या काळी बायकामुलींनी कुस्त्यांच्या फडाकडं फिरकायचं नाही, अशी रीत होती. बहुतेक गावांत होती. मला हे आत्यानं सांगितलं, आणि आत्यानं तरी ते कुठं बघितलं होतं? ती माळवदावर उभी राहून हलगी ऐकायची. हलगीची चाल बदलली की आत काय चाललंय ते तिला कळायचं म्हणे. खडाखडीची चाल वेगळी, कुस्ती निकालाला आल्याची वेगळी. बाकीचं सगळं रात्री जेवताना ओसरीवर कानावर पडायचं. तेव्हा माझ्या या आठवणी म्हणजे ऐकलेलं ऐकवणं. त्यात थोडं इकडचं तिकडं झालं असेल, पण उपरण्याचं खरं आहे. ते उपरणं आमच्या पेटीत होतं आणि कितीही धुतलं तरी त्याची एक बाजू तांबूसच राहिली होती.

नांदूरघाट बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगांमधलं गाव. आमच्याकडची जमीन म्हणजे कुठं काळी, कुठं मुरमाड, आणि पाऊस आपल्या मनाचा. आखाड्यासाठी तांबडी माती बैलगाडीनं आणायची, चाळायची, तिच्यात ताक, गोडं तेल, हळद, लिंबू घालून ती कालवायची. हे काम तालमीतल्या पोरांचं. त्या मातीचा वास पोरांच्या अंगाला दिवसभर यायचा, असं मोठी माय सांगायची. मोठी माय म्हणजे आमची आजी, आबांची बायको.

जत्रेच्या कुस्त्यांचा क्रम ठरलेला. दुपारचं ऊन कलायच्या आत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळावरच्या. मग पाच-दहा रुपयांच्या, आणि दिवस मावळतीला शेवटची मानाची. हे रुपये आधी हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले. आबांच्या पिढीला 'हाली' आणि 'कलदार' यांतला फरक तोंडपाठ होता, कलदार म्हणजे इंग्रजी अंमलातला रुपया, त्याचं मोल जास्त. मानाच्या कुस्तीला कलदार लावला तर लांबलांबचे पैलवान यायचे.

बाहेरगावचे पैलवान उतरायचे कुठं? घरोघरी. आमच्याकडं पंचाचं घर म्हणून नेहमी दोन-चार असायचे, आणि बऱ्याचदा ज्यांची जोड लागायची ते दोघंही आमच्याच ओसरीवर. मोठी माय दोघांना एका पंगतीला बसवायची. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वरून दह्याची वाटी आणि दोघांनाही तूप सारखंच. तूप वाढताना आबा मुद्दाम समोर बसायचे. मोठी माय म्हणायची, "पंचाच्या घरात एकाच्या भाकरीला जास्त तूप लागलं तर गाव काय म्हणंल?" उद्या निकाल द्यायचा आहे तो आजच्या ताटापासून सुरू होतो, हे त्या दोघांना कुणी शिकवलं नव्हतं.

कुस्ती सुटल्यावर हरलेला गडी जेवायला यायला लाजायचा. मोठी माय आत्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या अण्णांना, त्याला हाताला धरून आणायला पाठवायची. अण्णा तेव्हा सात-आठ वर्षांचे. एवढासा पोरगा केवढ्या गड्याला ओढत आणतोय, हे बघून गाव हसायचं, आणि तो गडीही हसायचा.

आता ती गोष्ट, जी आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेली. साल नक्की सांगता येत नाही. पोलीस ॲक्शननंतरची पहिली जत्रा की दुसरी, यावर आत्या जाईपर्यंत तिचा आणि अण्णांचा वाद राहिला. सप्टेंबर 1948 मध्ये भारताचं सैन्य हैदराबाद संस्थानात आलं आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्याच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष रझाकारांच्या धास्तीत गेलेलं. पोरांनी एकत्र जमायचं म्हणजे संशय. मराठवाड्यात आर्य समाजाच्या व्यायामशाळांतून पोरं तयार होत होती, त्यामुळं तालीम म्हटलं की सरकारी माणसाची नजर वळायची. आमच्या तालमीतले मुद्गल आणि करेला म्हणे कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत लपवले होते. तर अशा दिवसांनंतर भरलेली जत्रा. लोक किती आले असतील! आबा म्हणायचे, बसायला जागा नव्हती म्हणून माणसं बाभळींवर चढली.

मानाची कुस्ती लागली. एक गडी नेकनूरकडचा, एक अंबाजोगाईकडचा. बराच वेळ खडाखडी, मग एकानं पट काढला, दुसरा सुटला, पुन्हा भिडले, आणि दोघं झुंजत झुंजत कडेच्या गर्दीत जाऊन पडले. लोक उठले. वर कोण, खाली कोण, आबांना दिसलंच नाही. ते धावत पोचेपर्यंत दोघं उठून उभे. एका बाजूची माणसं फेटे उडवायला लागली, दुसरी ओरडायला लागली. पाठी बघाव्या तर तिथं आखाड्याची माती नव्हतीच, गर्दीखालची धूळ होती. सरपंच का पाटील कुणीतरी म्हणाले, "आबा, द्या निकाल, दिवस मावळला."

आबा म्हणाले, "माझ्या डोळ्याआड झालं. जे म्या बघितलं न्हाई ते म्या सांगणार न्हाई. पुन्हा लावा."

लोक चिडले. कुणी ढेकूळ मारलं म्हणतात. आबा आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसले आणि गर्दी मागं सरेपर्यंत उठले नाहीत. गॅसबत्त्या आणल्या. कुस्ती पुन्हा लावली. आत्या म्हणायची इनाम चांदीचं कडं होतं, अण्णा म्हणायचे एकवीस रुपये हाली. आणि गंमत अशी की त्या रात्री शेवटी कोण जिंकलं, हे आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. आबांनी काय म्हटलं तेवढं मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

त्याच 1948 साली, आमच्याकडं रझाकारांची धास्ती होती त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात, कराडजवळच्या गोळेश्वरचा एक बारीक अंगाचा गडी लंडनच्या ऑलिंपिकला गेला होता आणि मॅटवर पहिल्यांदाच खेळून सहावा आला होता. खाशाबा जाधव. आमच्या गावाला हे तेव्हा कळलंच नाही. कळलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेही उसाच्या फडात.

1972 चा दुष्काळ आमच्या पिढीच्या घरांनी कधी विसरला नाही. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, खडी फोडायची कामं, सुकडी. त्यानंतर आमच्या भागातली माणसं कोयता घेऊन आणखी मोठ्या संख्येनं पश्चिमेकडं निघाली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत भांडीकुंडी भरायची आणि जायचं. अण्णा आणि काकू तोडीला, आबा बैलांकडं आणि कोपीकडं बघायला. एका हंगामात त्यांची टोळी रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याकडं पडली. तिथून गोळेश्वर फार लांब नाही. कोपीसमोर शेकोटीला बसून तिथल्याच एका शेतकऱ्यानं आबांना खाशाबांची सगळी हकीकत सांगितली, आणि आबांनी ती आम्हाला आयुष्यभर पुरवली.

हेलसिंकीच्या 1952 च्या ऑलिंपिकसाठी निवड होती तेव्हा खाशाबा एका गुणाने मागं राहिले, निरंजन दास पुढं. खाशाबांना तो निकाल मान्य नव्हता. त्यांनी पंचावर हात उचलला नाही, पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांनी कुस्ती पुन्हा लावली आणि खाशाबांनी निरंजन दासला चितपट केलं. मग पैशांची ओढाताण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून पैसे दिले. खाशाबा गेले आणि ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

इथवर आलं की आबा थांबायचे आणि पुढचं सावकाश सांगायचे. हेलसिंकीत जपानच्या इशीशी खाशाबांची पंधरा मिनिटांची झुंज झाली, ते थकून बाहेर आले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो नियम पुढं करून खाशाबांच्या बाजूनं बोलायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. "बग," आबा म्हणायचे, "निवडीला पुन्हा लावली म्हून पदक आलं. तिथं बोलणारं कुणी असतं तर त्याचं सोनं झालं असतं." सोव्हिएत संघाचा तो पैलवान आणि इशी दोघंही कसलेले होते, तेव्हा सोनं झालंच असतं असं कुणाला म्हणता येणार नाही. पण आबांचं दुखणं पदकाच्या रंगापुरतं नव्हतं.

ऊसतोडीच्या त्याच फेऱ्यांत कधीतरी आबा कोल्हापूरचं खासबाग मैदान बघून आले. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 साली सुरू झालेलं. आखाडा मध्यभागी, आणि भोवती उतरत्या बाजूंवर बसायला जागा, अशी की शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. पैलवान कोण होते ते आबांनी कधी सांगितलं नाही, पण मैदानाचं वर्णन ते करत राहायचे. "राजानं इचार केला बग. कुस्ती समद्यांना दिसली पायजे. समद्यांना दिसली की पंचाला कुणाला भ्यायचं कारण न्हाई."

आमच्या भागाला कुस्तीचा मान नव्हता असं नाही. 1969 ला लातूरला महाराष्ट्र केसरीची गदा हरिश्चंद्र बिराजदार यांनी जिंकली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मराठवाड्याच्या मातीतला गडी! 1982 ला तर महाराष्ट्र केसरी बीडलाच भरली. संभाजी पाटील आसगावकरांनी गदा घेतली. अण्णा त्या वेळी एसटीच्या टपावर बसून गेले होते आणि येताना आम्हा पोरींसाठी बत्तासे आणले होते. त्यांनी आबांना सगळ्या कुस्त्या करून दाखवल्या, खाटेवर उशीला पट काढून. आबा तेव्हा थकले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पंच कसे होते?"

आबा गेल्यावर कुस्ती बदलली, आणि ती बदलताना मी अण्णांच्या शेजारी बसून टीव्हीवर बघितली. आमच्या मातीतल्या कुस्तीत निकाल एकच, पाठ टेकणं. गडी खाली गेला म्हणून काय झालं? तो गुडघ्यावर बसून, हातांनी जमीन धरून तासभर राहिला तरी हरत नसे. वरच्यानं त्याला उलटा करायचा. तेव्हा पंचाला पूर्ण कुस्तीत एक क्षण पकडायचा असे. तो पकडला की काम झालं.

मॅटवर तसं नाही. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. समोरच्याला खाली घेऊन मागं जाऊन ताबा मिळवला की दोन गुण. पाठ जमिनीकडं कलंडवली की दोन. वर्तुळाबाहेर ढकललं की एक. उचलून टाकलं की चार, कधी पाच. दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच खेळ संपला. ताबा म्हणजे काय तर खालच्याचे दोन गुडघे आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक गुडघा मॅटला लागलेला, आणि वरच्याची पकड त्याच्यावर बसलेली. आता सांगा, दोघांचे मिळून चार हात, चार पाय, सगळे एकमेकांत अडकलेले, दोघंही मॅटच्या काठावर, आणि पंचानं डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं की गुडघा आधी टेकला का पाय आधी बाहेर गेला. म्हणून तिथं एक पंच पुरत नाही. मॅटवर एक, बाजूला एक, टेबलाशी एक असे तिघं असतात. पूर्वी खाली घेण्याला एकच गुण होता. 2013 साली ऑलिंपिकमधून कुस्ती काढून टाकायची वेळ आली होती, तेव्हा नियम बदलले आणि तो दोन गुणांचा झाला. म्हणजे पंचाच्या त्या एका नजरेची किंमतही दुप्पट झाली.

आणि मॅटवर 'चॅलेंज' असतं. पैलवानाच्या कोपऱ्यात बसलेल्या कोचला निकाल पटला नाही तर त्यानं हातातला मऊ ठोकळा मॅटवर टाकायचा. मग खेळ थांबतो, चित्रफीत लावतात, टेबलावरची माणसं बघतात. निकाल चुकला असेल तर बदलतो. बरोबर असेल तर समोरच्याला एक गुण जादा. अण्णांना हे इतकं आवडलं! "आबाचं उपरणं हाय की हे," म्हणाले. मी म्हटलं, "उपरणं नाही अण्णा, हे 'पुन्हा लावा' आहे." मग ते विचारात पडले. "दोन्ही हाय," म्हणाले.

2016 च्या ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकची ब्राँझसाठीची कुस्ती होती. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. घरातले सगळे झोपलेले, अण्णा आणि मी दोघंच जागे. मी चहा केला होता. ज्या फडाकडं मला कधी फिरकू दिलं नाही, त्यात एक पोरगी उतरलेली आम्ही दोघं बघत होतो, आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. साक्षी शून्य-पाचने मागं होती. अण्णांनी टीव्हीकडं पाठ फिरवली. मग चार झाले, मग पाच-पाच. शेवटचे काही सेकंद उरले असताना तिनं किर्गिझस्तानच्या त्या मुलीला खाली घेऊन ताबा घेतला. दोन गुण, सात-पाच. आणि लगेच समोरच्या कोपऱ्यातून चॅलेंज.

ती जी काही क्षणांची वाट होती ती मला अजून आठवते. अण्णा हात जोडून बसले होते. चित्रफीत मागं-पुढं होत होती. ताबा होता, स्पष्ट होता. चॅलेंज फेटाळलं, साक्षीला वरचा एक गुण मिळाला, आठ-पाच. अण्णा डोळे पुसत म्हणाले, "समद्या जगानं बघितलं. आता कुणी म्हणणार न्हाई की पंचानं दिलं."

त्या पोरीचं पदक त्या चित्रफितीनं पक्कं केलं, असं मला वाटतं. पुढं मार्च 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. आत्या तेव्हा असती तर माळवदावरून खाली उतरली असती.

आपल्या बीडच्या राहुल आवारेबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पाटोद्याचा पोरगा. वडील पैलवान, आणि पुण्यात बिराजदार वस्तादांच्या हाताखाली वाढलेला. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि ते दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. 2019 मध्ये नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ब्राँझ, अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 नं हरवून. दोन-दोन गुणांनी, ताब्यावर ताबा घेत जिंकलेल्या कुस्त्या त्या. अण्णा म्हणायचे, निकाल पंचाच्या हातात ठेवायचाच नसेल तर असं खेळावं.

पण सगळ्या कुस्त्या 11-4 नं सुटत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. सिकंदर मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा. महेंद्रनं बाहेरली टांग मारली, चार गुण मिळाले, आणि त्या चार गुणांवरून उभा महाराष्ट्र भांडला. आमच्या गावातल्या टपरीवर ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तीच टांग, कधी सावकाश, कधी थांबवून, कधी वर्तुळ काढून. पंचाला फोनवरून धमकी दिल्याची बातमी आली. अण्णांनी ती चित्रफीत कितीतरी वेळा बघितली आणि निकाल सांगायला नकार दिला. "म्या तिथं नव्हतो," म्हणाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदरनं फुलगावला गदा जिंकली. गदा मिळाली, पण जानेवारीतली ती टांग लोकांच्या मोबाइलमधून पुसली गेली नाही.

आणि मग 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. गादी, म्हणजे मॅट विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल दिला गेला. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत बघा. बोलाचाली वाढली आणि त्यानं पंचाला लाथ मारली. पुढं गदेसाठीच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनंही गुणांवरून चिडून शेवटच्या क्षणी मॅट सोडली. गदा पृथ्वीराजला मिळाली, शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. ऐंशीच्या पुढचा माणूस, एक वेळ जेवला नाही तर घर हादरतं. सुनेनं धपाटे केले, दही आणलं, तरी नाही. मला वाटलं, ते लाथेवर चिडलेत. होतेच. पंचावर उचललेला पाय आमच्या घरात कुणालाही सहन होणार नाही. पण रात्री ते म्हणाले, "पोरगा दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला. वर्षभर रगात आटवून आलेला. त्यानं म्हटलं बगा, तर बगायला काय जातं? आबानं उपरणं झटकून बघितलं नसतं का?"

मला ते दोन्ही बाजूंनी पटलं आणि अजून पटतं. लाथ मारणाऱ्याला शिक्षा हवीच. पण ज्या निकालावर एखाद्याचं वर्ष, कधी नोकरी, कधी बापाचं कर्ज अवलंबून असतं, तो निकाल सगळ्यांदेखत दुसऱ्यांदा बघितला पाहिजे. तसं बघितल्यानं पंच लहान होत नाही. आबा त्या रात्री 'दिसलं न्हाई' म्हणाले तेव्हा ढेकूळ खाल्लं, पण पुढं ते हयात असेपर्यंत पंचक्रोशीत मानाच्या कुस्तीला दुसरा पंच कुणी मागितला नाही.

आमच्या भावकीतला एक पोरगा मागं एका निवड चाचणीत हरला. काठावर खाली घेतल्याचे दोन गुण समोरच्याला दिले गेले. त्याचा बाप म्हणतो पाय आधीच बाहेर होता. मोबाइलवर कुणीतरी चित्रण केलं होतं, पण ते टेबलाशी कुणी बघितलं नाही. बघायची सोयच नव्हती. पोरानं तालीम सोडली, आता पिकअप चालवतो. चुकलं कुणाचं, हे मी ठरवणार नाही, मीही तिथं नव्हते. पण बघितलं असतं आणि पाय आतच निघाला असता, तर तो पोरगा आज तालमीत असता. हरलेला, पण तालमीत.

चॅलेंजचा ठोकळा आणि मोठा पडदा मोठ्या स्पर्धांना असतो. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या चाचण्यांना आणि जत्रांच्या फडांना तो कुठून येणार, असं म्हणायचे दिवस आता गेले. गावात बैल नसेल, पण चांगला कॅमेरा असलेला मोबाइल घराघरात आहे. दोन तिपाया, दोन कोपऱ्यांत दोन मोबाइल, आणि निकालाआधी पंचांनी बघायचा एक छोटा पडदा. जत्रेच्या वर्गणीत एवढ्याचा खर्च एका मंडपाहून कमी होईल. आणि पंचांनी जे बघितलं ते समोर बसलेल्या माणसांनाही दाखवायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला आणि माळवदावर उभ्या असलेल्या बायकांनाही.

म्हणून जत्रा कमिट्यांना आणि जिल्ह्याच्या कुस्तीगीर संघांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या चैत्रात इनामाचा आकडा वाढवण्याआधी कॅमेऱ्याची सोय करा आणि शंकेच्या प्रत्येक निकालाची चित्रफीत सगळ्यांसमोर लावा. आणि पैलवान पोरांनो, दाद मागा, जोरात मागा, पण पंचाच्या अंगाला हात लावू नका.